बंडखोर जमीनदाराच्या मुलखात

दिवाळीच्या सुट्टीत माझा भाचा आणि भाची पुण्याहून आमच्याकडे चंद्रपूरला आली. भाचा सातवीत, भाची चौथीत. भाच्याच्या सॅकमध्ये कपडे कमी आणि एक भलंमोठं जाड पुस्तक. उशीसारखं! आल्या आल्या स्वारी ते उघडून बसली. फराळाचं ताट पुढे आलं तरी मान वर नाही. मी डोकावून पाहिलं. पहिल्याच पानावर एक नकाशा होता. डोंगर, नद्या, किल्ले, जंगलं आणि कुठल्या कुठल्या राज्यांची जीभ वळणार नाही अशी नावं.

"काय गोष्ट आहे रे?"

"मामा, एक ड्यूक असतो. तो राजाविरुद्ध बंड करतो. मग आजूबाजूची सगळी राज्यं एकत्र होतात आणि त्याच्या मागे लागतात. तो जंगलात शिरतो."

"पुढे?"

"सांगू नको!" भाची ओरडली. "मला वाचायचंय ते."

"ड्यूक म्हणजे काय पण?" मी मुद्दामच विचारलं.

भाचा विचारात पडला. "म्हणजे... राजा नाही. पण राजाच्या खालचा. त्याची स्वतःची गावं असतात, स्वतःचे सैनिक असतात."

"म्हणजे आमच्या इकडचा जमीनदार," मी म्हटलं. "आणि असा बंडखोर जमीनदार आमच्याकडे खरोखर होऊन गेला. त्याच्या मागे लागलेली राज्यंही खरी, जंगलही खरं. हवं तर दाखवतो."

पुस्तक मिटलं. फराळाचं ताट रिकामं झालं. मामाचा मान जरा वाढला!

गोष्ट म्हटली की आधी नकाशा हवा. आम्ही जुन्या कॅलेंडरचं एक पान उलटं केलं आणि त्यावर १८५८ सालचा मुलूख काढायला बसलो. तुम्हीही एक कागद घ्या. वरच्या बाजूला नागपूर. तिथे भोसल्यांचं राज्य होतं, पण तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, त्यांना मुलगा नव्हता, म्हणून इंग्रजांनी १८५४ मध्ये ते राज्यच खालसा करून टाकलं. तेव्हा नागपूर आणि त्याच्या खालचं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, इंग्रजांकडे. आता डावीकडून एक नदी आणा, ती वर्धा. उजवीकडून दुसरी आणा, ती वैनगंगा. दोघी चपराळ्याजवळ भेटतात आणि तिथून पुढे तिचं नाव प्राणहिता. ही प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे सगळा निजामाचा मुलूख. सिरोंच्याचा पट्टासुद्धा १८६० पर्यंत निजामाकडेच होता. उजव्या हाताला इंद्रावती नदी, आणि तिकडे बस्तरचं राज्य.

मधोमध काय राहिलं? जंगल! साग, बांबू, मोह, तेंदू आणि त्यात विखुरलेली गोंड-माडियांची गावं.

"मधे आपला ड्यूक," भाचा म्हणाला, "आणि तीन बाजूंनी शत्रू."

"शत्रू कोण आणि मित्र कोण ते अजून ठरायचंय," मी म्हटलं. "निजाम, बस्तरचा राजा आणि नागपूरचं उरलंसुरलं राजघराणं, कुणीही इंग्रजांशी उघड भांडण घेतलं नव्हतं. एवढं मात्र नकाशावर लिहून ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. गोष्टीचा शेवट आधी पाहायचा असं ठरलं, कारण तो घरापासून जवळ होता!

चंद्रपूर हे कोटाच्या आतलं गाव. गोंड राजांनी बांधलेली ही दगडी भिंत आजही गावाभोवती जवळजवळ पूर्ण फिरते. तिला चार दरवाजे: जटपुरा, अचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. शिवाय पाच खिडक्या. खिडक्या म्हणजे छोटे दरवाजे हं, डोकावायच्या खिडक्या नव्हेत. त्यांची नावं ऐकून पोरं खूश झाली: बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, मसण खिडकी आणि चोर खिडकी. "चोर खिडकीतून चोर येत होते की पळत होते?" असं भाचीने विचारलं. खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरीच वर्षं या भिंतीवर झाडं-झुडपं माजली होती. २०१७ पासून गावातल्या तरुणांनी महिनोन् महिने सकाळी श्रमदान करून ती साफ केली, म्हणून आज तिच्यावरून चालता तरी येतं.

कोटाच्या आत गोंड राजांचा वाडा होता, तिथे पुढे तुरुंग झाला. आजही तो जिल्हा तुरुंगच आहे. आत एक दर्गा आहे. मोहरमच्या दिवसांत तुरुंगाचं दार लोकांसाठी उघडतं आणि गावातली माणसं आत जाऊन दर्शन घेऊन येतात. एरवी आपल्याला बाहेरूनच पाहावं लागतं. पोलिसमामांनी आम्हाला "फोटो काढू नका" एवढंच सांगितलं आणि पोरांकडे बघून हसले.

या तुरुंगाच्या आवारात एक पिंपळ आहे. २१ ऑक्टोबर १८५८ या दिवशी त्या पिंपळाला एका पंचवीस वर्षांच्या तरुणाला फाशी दिलं. त्याचं नाव बाबुराव पुल्लेसूर शेडमाके. दर वर्षी २१ ऑक्टोबरला इथे लांबलांबच्या गावांहून गोंड बांधव येतात, "जय सेवा" म्हणत त्याला वंदन करतात.

"फक्त पंचवीस?" भाचा म्हणाला. त्याचा पुस्तकातला ड्यूक दाढीवाला आणि म्हातारा होता.

त्यानंतरच्या दिवशी पहाटे आम्ही अहेरीची एस.टी. पकडली. लाल डबाच! चंद्रपूरहून अहेरी साधारण एकशेवीस किलोमीटर. बल्लारपूर गेलं, कागद कारखान्याचा तो ओळखीचा वास गेला (भाचीने नाक दाबून धरलं होतं), मग गोंडपिपरी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळं पडायला लागलं होतं. आमच्याकडे तांदळाच्या पिकाला धानच म्हणतात. पुण्याच्या मुलांना वाटतं विदर्भ म्हणजे कापूस आणि संत्री. ती पश्चिमेला. इकडे तलाव आणि धान.

बसमध्ये मी गोष्ट सुरू केली. मागच्या सीटवरचे एक आजोबाही कान देऊन ऐकू लागले.

गोंड राजांच्या काळापासून या जंगलात जमीनदाऱ्या होत्या. सिनेमातला हंटर घेऊन फिरणारा जमीनदार इथे डोळ्यांपुढे आणू नका. राजाने जंगलाचा एकेक भाग एकेका सरदाराला दिलेला. त्याने तिथला बंदोबस्त ठेवायचा, राजाला गरज पडली की माणसं घेऊन जायचं आणि वर्षाला थोडीशी ठरीव रक्कम भरायची. तिला टाकोली म्हणत. बाकी आपल्या मुलखात तो मुखत्यार. यातली सगळ्यात मोठी जमीनदारी अहेरीची, सुमारे २६०० चौरस मैल! आजच्या गोव्याच्या जवळजवळ दुप्पट. तिच्याच भागातली मोलमपल्ली ही छोटी जमीनदारी होती, चोवीस गावांची. ती शेडमाक्यांची.

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरीकडच्या किष्टापूरचा. लहानपणी गोटुलात शिकणं झालं. गोटुल म्हणजे गावातल्या मुलामुलींनी एकत्र जमायची, मोठ्यांकडून गाणी, नाच, रीतभात शिकायची जागा. मग वडिलांनी त्यांना रायपूरला इंग्रजी शाळेत घातलं. कल्पना करा, त्या काळात रस्ते नाहीत, मधे घनदाट जंगल, आणि एका जमीनदाराला वाटलं की पोराला इंग्रजी आलं पाहिजे.

"म्हणजे त्यांना इंग्रजांची भाषा येत होती?" भाचा.

"हो. म्हणूनच बहुतेक इंग्रज काय लिहितात-बोलतात हे त्यांना बरोबर कळत असणार." हा माझा अंदाज हं, कुठे लिहिलेला नाही.

१८५७ साली उत्तरेत काय झालं ते तुम्ही शाळेत शिकला आहात. मेरठ, दिल्ली, कानपूर, झाशी. नागपुरातही जून १८५७ मध्ये घोडदळाचा उठाव व्हायचा होता, पण तो आधीच फुटला. जुलैमध्ये हैदराबादला तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांच्यामागे रोहिले इंग्रज रेसिडेन्सीवर चालून गेले, तेही जमलं नाही. निजाम आणि त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने ठाम राहिले. म्हणजे आमच्या नकाशावर वर आणि खाली, दोन्हीकडे आग विझलेली. आणि बरोबर त्याच वेळी मधल्या जंगलात ती पेटत होती! सप्टेंबर १८५७ मध्ये बाबुरावांनी चारपाचशे तरुण गोळा केले, त्यांना शिकवून तयार केलं. या सेनेला जंगोम दल म्हणत.

७ मार्च १८५८. या दलाने मूलकडचा राजगड परगणा ताब्यात घेतला. तेव्हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता कॅप्टन क्रिक्टन. त्याने ताबडतोब फौज पाठवली. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ गाठ पडली आणि इंग्रजांची फौज मागे हटली. त्यानंतर बाबुरावांची माणसं गढीसुर्ल्याच्या टेकडीवर जाऊन बसली. इंग्रजांनी टेकडी वेढली, तेव्हा वरून मोठमोठे धोंडे लोटून त्यांनी वेढा मोडला, असं सांगतात. बंदुकीला दगड! हा प्रसंग ऐकून भाची सीटवरच उभी राहिली. कंडक्टरकाकांनी तिला खाली बसवलं.

आता या गोष्टीत दुसरा जमीनदार येतो. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव. सदुसष्ट गावांचे मालक. ते बाबुरावांना मिळाले आणि दोघांची मिळून बाराशेच्या आसपास फौज झाली. गोंड होते तसे त्यात रोहिलेही होते. १९ एप्रिलला सगणापूर, २७ एप्रिलला बामणपेठ. लागोपाठ चकमकी. इंग्रजांच्या हाती काही लागेना.

इथे आष्टी आलं. वैनगंगेच्या पुलावर बस हळू झाली, कारण समोरून ट्रकची रांगच रांग. सुरजागडच्या डोंगरातलं लोहखनिज घेऊन हे ट्रक येतात. खाली वैनगंगेचं पात्र, दिवाळीतही चांगलं भरलेलं. पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. १९८२ पर्यंत हा सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. ऑगस्ट १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा झाला. इथून चपराळ्याचं अभयारण्य लागतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर येतं. मोबाइलची रेंज गेली. भाच्याला पहिल्यांदाच वाटलं असावं की नकाशा कागदावरच काढलेला बरा.

आलापल्लीला चहा घेतला. इथला साग एवढा नावाजलेला की दिल्लीच्या नव्या संसद भवनाला आणि अयोध्येच्या मंदिरालाही या बाजूचंच लाकूड गेलं. मागच्या सीटवरचे आजोबा इथेच उतरणार होते. उतरता उतरता ते म्हणाले, "सायेब, तुम्ही सांगता ते बराबर हाये जी. पन एक राह्यलं. फाशीच्या टायमाला दोर टिकेच ना! तीनदा तुटला. मंग चुन्याच्या भट्टीत टाकलं त्याहिले. आमच्या आज्यानं सांगितलं होतं मले."

ही कथा या भागात बऱ्याच जणांच्या तोंडी आहे. जंगलातली एक वनस्पती खाल्ल्यामुळे बाबुरावांचं अंग लोखंडासारखं झालं होतं, असंही सांगतात. सरकारी कागदात फक्त फाशी आहे. भाच्याने विचारलं, "मग खरं काय?" मी म्हटलं, फाशी झाली हे नक्की. दोराचं म्हणशील, तर आजोबांच्या आजोबांना तो माणूस इतक्या सहज मरेल हे पटलं नसावं.

अहेरीला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. अहेरी प्राणहितेच्या काठाजवळ. नदीपलीकडे तेलंगणा. बाजारात अर्धी माणसं तेलुगू बोलतात, अर्धी मराठी, आणि गोंडी-माडिया कानावर पडतेच. पोरांना गंमत वाटली की एकच भाजीवाली बाई तीन गिऱ्हाइकांशी तीन भाषांत बोलत होती आणि हिशेब मात्र चौथ्या, हिंदीत करत होती!

नदीवर गेलो. इथून चिंचगुंडी जवळच. मला गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग इथेच सांगायचा होता.

२९ एप्रिल १८५८ च्या रात्री चिंचगुंडीला प्राणहितेच्या काठी तारखात्याच्या माणसांची छावणी होती. तार म्हणजे टेलिग्राफ. तारेने निरोप मिनिटांत पोचत. १८५७ मध्ये इंग्रजांना या तारेचा केवढा उपयोग झाला! त्यामुळे बंडवाल्यांचा तारेवर राग असणं साहजिक होतं. छावणीत गार्टलंड, हॉल आणि पीटर असे तिघे होते. रात्री हल्ला झाला. गार्टलंड आणि हॉल मारले गेले. पीटर निसटला आणि क्रिक्टनपर्यंत पोचला.

पोरं गप्प झाली. मग भाचीने विचारलं, "ते सैनिक होते?"

"नाही. तारखात्याचे नोकर."

"झोपले होते?"

"रात्र होती. झोपले असतील."

"मग ते चांगलं नाही केलं."

भाचा लगेच बाबुरावांच्या बाजूने भांडू लागला. इंग्रजांनी तरी गावं जाळली नाहीत का, माणसं तोफेच्या तोंडी दिली नाहीत का, वगैरे. तेही खरंच होतं. मी मधे पडलो नाही. मला स्वतःला विचाराल तर भाचीचा प्रश्न मला पटला, आणि तरी बाबुरावांबद्दलचं माझं मत त्याने बदललं नाही. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं.

या एका रात्रीने मात्र सगळं पारडं फिरलं. आतापर्यंत जंगलातलं हे बंड इंग्रजांना एका जिल्ह्यापुरतं होतं. आता दोन युरोपियन मेले होते. आणि चिंचगुंडी कुणाच्या हद्दीत? अहेरीच्या! अहेरीच्या जमीनदार तेव्हा एक बाई होत्या. लक्ष्मीबाई.

"झाशीची?" दोघं एकदम ओरडली.

नाही. नाव तेच, वर्षही तेच. झाशीच्या राणी लक्ष्मीबाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरला लढता लढता पडल्या. आणि त्याच उन्हाळ्यात अहेरीच्या लक्ष्मीबाईंपुढे क्रिक्टनचं बोलावणं येऊन पडलं होतं: तुमच्या हद्दीत आमची माणसं मारली गेली आहेत, बाबुरावाला पकडून द्या, नाहीतर जमीनदारी जाईल. बाबुरावांना पकडणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीसही लागलं होतं. हजार रुपये आज दोन पुस्तकांतच संपतील. तेव्हा तेवढ्यात गावंच्या गावं वर्षभर जेवली असती.

अहेरीत माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, हायस्कुलात इतिहास शिकवतात. दुपारचं जेवण त्यांच्याकडे होतं. भात, आंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. भाच्याने त्यांना थेटच विचारलं, "मॅडम, तुमच्या गावची राणी गद्दार होती ना?"

मला वाटलं, आता संपलं. पण त्या चिडल्या नाहीत. त्यांनी आमचा कॅलेंडरचा नकाशा मागितला.

"हे बघ बेटा. वर इंग्रज. खाली निजाम, तो इंग्रजांचा दोस्त. इकडे बस्तर, तोही लढत नाहीये. नागपूर चार वर्षांपूर्वी गिळून टाकलेलं, वारस नाही म्हणून. आता एवढ्या मोठ्या जमीनदारीवर एक बाई बसलेली आहे. तिला सांगितलंय की हा माणूस दे, नाहीतर तुझंही नागपूर करतो. तू काय केलं असतंस?"

"मी लढलो असतो."

"कुणाच्या जोरावर?"

भाचा नकाशाकडे बघत राहिला. मॅडम म्हणाल्या, "मी तिची बाजू घेत नाहीये हं. शाळेत मी पोरांना हेच विचारते, आणि वर्गात दर वर्षी दोन तट पडतात. एका वर्षी तर मधल्या सुट्टीत भांडणं झाली! आमच्या वर्गात शेडमाके आडनावाचीही मुलं असतात. त्यांना तर ही घरचीच गोष्ट."

१० मे ला घोटला आणखी एक लढाई झाली. तिथेही बाबुराव हाती लागले नाहीत. पण पावसाळा आला, दाणागोटा संपत चालला, लोक पांगले. बाबुराव बस्तरच्या बाजूला भोपाळपट्टणमला गेले. तिथे रोहिल्यांनीच त्यांना पकडलं, ज्यांचे भाऊबंद महिन्या-दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या फौजेत होते! बाबुराव त्यांच्या तावडीतूनही निसटले. शेवटी १८ सप्टेंबर १८५८ ला लक्ष्मीबाईंच्या माणसांनी त्यांना धरलं आणि चांद्याला क्रिक्टनच्या हवाली केलं. खटला चालला. राजगड ताब्यात घेतल्यापासून फाशीपर्यंत मोजलं तर सात महिने आणि चौदा दिवस. भाच्याने बोटांवर मोजून दोनदा खात्री केली.

व्यंकटरावांचं काय झालं? ते बस्तरमध्ये जाऊन लपले. जवळजवळ दोन वर्षं सापडले नाहीत. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांना दिलं. जन्मठेप झाली आणि जमीनदारी जप्त. ती अडपल्ली-घोटची सदुसष्ट गावं इंग्रजांनी बक्षीस म्हणून अहेरीच्या लक्ष्मीबाईंना दिली.

"बघा!" भाचा मॅडमना म्हणाला. "सदुसष्ट गावं मिळाली की नाही तिला?"

"मिळाली," मॅडम म्हणाल्या. "ते मी लपवत नाही. तेही वर्गात सांगते."

परतीच्या बसमध्ये भाच्याने विचारलं, आमच्या पुस्तकात हे का नाही? मला त्याचं एक कारण ठाऊक आहे. या बंडाबद्दल जुन्या काळी जे छापलं गेलं ते इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेलं. मेजर ल्युसी स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने (नाव बाईचं वाटतं, पण होता मिशीवाला साहेब असावा!) १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा मोठा अहवाल लिहिला. त्यात बाबुराव हा एक छोटासा जमीनदार आणि त्याने केली ती लुटालूट. महसूल मोजायला बसलेल्या माणसाला बंड तसंच दिसणार. दुसरीकडे, ज्यांची माणसं त्या बंडात लढली त्यांनी काही लिहून ठेवलं नाही. त्यांनी गाण्यांतून, दोर तुटल्याच्या गोष्टीतून आणि पिंपळाखाली दर वर्षी जमून ते जपलं. आज दोन्ही जुळवून पाहणारी माणसं आहेत, म्हणून मला एवढ्या तारखा तरी सांगता आल्या. १२ मार्च २००९ ला, बाबुरावांच्या जन्मदिवशी, भारतीय टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं. ज्या माणसांनी तारखात्याची छावणी उडवली त्यांच्या पुढाऱ्याचं चित्र टपाल-तार खात्याच्याच वारसदारांनी छापलं, ही गंमत माझ्या लक्षात फार उशिरा आली.

रात्री घरी पोचल्यावर नकाशा पुन्हा जमिनीवर पसरला. भाच्याने राजगड, नांदगाव-घोसरी, सगणापूर, बामणपेठ, घोट सगळं पेनने लिहिलं आणि चांद्याच्या कोटात एक पिंपळाचं झाड काढलं. चिंचगुंडीला काय काढायचं यावर दोघांचं पुन्हा वाजलं. शेवटी भाचीने तिथे दोन छोटे तंबू काढले. अहेरीचा वाडा तिने पेन्सिलने काढला. पेनने का नाही, म्हणून विचारलं तर म्हणाली, "अजून ठरायचंय."

जाड पुस्तक त्या रात्री उघडलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र स्वारी पुन्हा त्यात बुडाली. ड्यूकचं शेवटी काय होतं ते तिने अजून मला सांगितलेलं नाही.

तुम्हाला या बाजूला यायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या. एप्रिल-मे मध्ये चंद्रपूरचं ऊन आमचं आम्हालाही सोसत नाही, तुमची काय कथा! चंद्रपूरला कोटाच्या भिंतीवरून चाला, महाकाली आणि अचलेश्वराचं देऊळ पाहा, गोंड राजांच्या समाध्या पाहा. त्यातली बिरशहाची समाधी त्याची राणी हिराई हिने बांधली. चामोर्शीजवळ वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळं आहेत, त्यांच्या कोरीवकामापुढे निदान तासभर काढा. अहेरीला दसऱ्यात गेलात तर वाड्यावरचा मोठा दसरा बघायला मिळेल. जंगलातल्या गावांत जायचं असेल तर ओळखीचं माणूस बरोबर घ्या आणि कुणाच्या अंगणात शिरण्याआधी विचारा. भेटलेल्या माणसाला "जोहार" म्हणा. आणि हो, एक कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा.